नाहीतर

‘फेलिंग विच’ म्हणजे ‘नाहीतर’, हे बेबीला कळलं तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंग मास्टर होती. परदेशी गिऱ्हाइकाची ऑर्डर आली की सोबत इंग्रजीतले दहा-बारा कागद यायचे आणि त्यात शेवटी कुठेतरी हे दोन शब्द ठरलेले असायचे. अमुक तारखेच्या आत नमुना पोचला पाहिजे, फेलिंग विच ऑर्डर रद्द. कारखान्याच्या कारकुनांनी तिला ते एकदा समजावून सांगितलं. म्हणाले, “यात फेलबिल कुणी होत नाही, मास्टरबाई. आपण पोरांना म्हणतो ना, अभ्यास कर, नाहीतर मार खाशील? त्यातलं ‘नाहीतर’ आहे हे.” बेबीला ते इतकं सोपं वाटलं की ती हसली. त्यानंतर सहा वर्षं ते शब्द दर महिन्याला तिच्या डोळ्यांखालून जात होते आणि त्यांचं तिला काही म्हणता काही वाटत नव्हतं.

मग काकांच्या खोल्या आवरायचा रविवार आला.

काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेले तेव्हा बेबी सात वर्षांची होती. काकांचं लग्न ठरत आलं होतं. ते त्यांनी स्वतःहून मोडलं आणि वहिनी आणि पुतणी या दोघींचा भार अंगावर घेतला. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही की उपकाराची भाषा केली नाही. दोन सदरे आलटून पालटून वापरायचे, पण बेबीची शाळेची फी कधी उशिरा गेली नाही. ‘बेबी’ हे नावही त्यांनीच ठेवलेलं. जन्माच्या दाखल्यावर चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण काकांच्या ऑफिसातल्या साहेबाच्या मुलीला बेबी म्हणायचे, म्हणून आमचीही बेबी. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी, चष्मा लागल्यावर आणि निम्मे केस पांढरे झाल्यावरही ती बेबीच होती.

काका मालवाहतुकीच्या एका कंपनीत दप्तरी होते. फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या, गठ्ठे बांधायचे, शिक्के मारायचे, हे काम. राहत्या इमारतीत मात्र ते स्वतःला ‘रेकॉर्ड इन्चार्ज’ म्हणवून घेत. खिशाला दोन पेनं, काखेत इंग्रजी वर्तमानपत्र, आणि तोंड उघडलं की पहिला शब्द ‘अ‍ॅक्च्युअली’. पोरं त्यांना पाठीमागे ‘अ‍ॅक्च्युअली’ याच नावाने ओळखायची. भाजीवाल्याला ते ‘रेट रिझनेबल लाव’ म्हणायचे, नळाला पाणी आलं नाही की ‘मॅटर सिरीयस आहे’ म्हणायचे. कुणाला इंग्रजी पत्र आलं की तो ते घेऊन काकांकडे यायचा. काका आधी चष्मा पुसायचे, मग कागद हातभर लांब धरून खालची सही बघायचे, मग वरून खाली येत ‘हं, हं’ करायचे आणि शेवटी निकाल द्यायचे. निकाल नेहमी एका ओळीचा असायचा. लहानपणी बेबीला वाटायचं, एवढ्या मोठ्या पत्राचं सार एका ओळीत काढायला केवढी हुशारी लागत असेल. आईला ती एकदा म्हणालीही होती की मोठी झाल्यावर मला काकांसारखं इंग्रजी यायला हवं. आई ‘हो’ म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर काका त्या जुन्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे, पण आता गुडघ्यांनी दगा दिला होता आणि जिना चढवत नव्हता. बेबी आणि तिचा नवरा त्यांना आपल्या घरी घेऊन आले. नवरा बसवर ड्रायव्हर होता, शांत माणूस, त्याने एका शब्दाने कुरकुर केली नाही. खोल्या महिनाअखेर रिकाम्या करून द्यायच्या होत्या. म्हणून त्या रविवारी सकाळी बेबी एकटीच तिकडे गेली. भांडी एका पोत्यात, कपडे दुसऱ्या पोत्यात असं करत ती काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेपर्यंत आली. ट्रंकेची किल्ली काकांनी सकाळीच तिच्या हातात दिली होती. आत निळ्या पुठ्ठ्याची जाडजूड फाइल होती आणि तिच्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘इम्पॉर्टंट’.

फाइलीत कंपनीचे कागद होते, पेन्शनीचे होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांची काही पत्रं होती. आणि मधेच एक लांबट, पिवळं पडलेलं पाकीट होतं, त्यावर तिचं स्वतःचं नाव होतं. दाखल्यावरचं, चार अक्षरी.

तिने ते लगेच ओळखलं. नकाशे काढणाऱ्या सरकारी कार्यालयाचं पत्र. एकोणीस वर्षांची असताना ती तिथल्या नोकरीच्या परीक्षेला बसली होती. तिचा हात लहानपणापासून स्थिर. परीक्षेत समुद्रकिनाऱ्याची एक वेडीवाकडी रेघ दिली होती आणि ती शाईने, मधे कुठे टाक न उचलता, दुसऱ्या कागदावर उतरवायची होती. बेबी ती काढत असताना परीक्षक तिच्या मागे येऊन बराच वेळ उभे राहिले होते. घरी येऊन तिने आईला सांगितलं होतं की माझं होणार.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. काका ऑफिसातून आले, हातपाय धुतले, चष्मा पुसला आणि पत्र वाचलं. मग म्हणाले, “अ‍ॅक्च्युअली, मॅटर क्लिअर आहे. फेल.” बेबीला खरं वाटेना, तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावून बोट ठेवून दाखवलं. हे बघ, फेल. आणि हे इथे, कॅन्सल. बेबीने वाकून पाहिलं. शाळेत तिने आपल्या भाषेतून शिक्षण घेतलं होतं, इंग्रजीचं लांब वाक्य तिला लागत नव्हतं, पण ‘फेल’ एवढं प्रगतिपुस्तकामुळे कुणालाही वाचता येतं. ते शब्द खरंच तिथे होते. ती मोरीत जाऊन रडली. आईने दबक्या आवाजात विचारलं होतं, की भावजी, तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना एकदा दाखवूया का? काकांनी पत्राची घडी घातली, ट्रंकेत ठेवलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईने पुन्हा विचारलं नाही. पुढच्या सोमवारपासून बेबी शिवणाच्या कारखान्यात धागे कापायला जायला लागली.

आता अठ्ठावीस वर्षांनी, रिकाम्या खोलीत फरशीवर बसून तिने ते पत्र उघडलं. वाचायचं असं काही मनात नव्हतं. जुनं दुखणं होतं, बघून परत ठेवणार होती. पण कारखान्यातल्या कागदांनी तिचे डोळे तयार केले होते आणि ओळी आपोआप लागत गेल्या. तुमची निवड झाली आहे. मूळ दाखले घेऊन चौदा तारखेच्या आत या कार्यालयात समक्ष हजर व्हावं, फेलिंग विच ही निवड रद्द समजली जाईल.

तिने ते पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून, एकेक शब्द उच्चारून वाचलं. आपलंच काहीतरी चुकतंय, अशी तिची खात्री होती. काकांना तीस वर्षं ऑफिसात घालवून जे दिसलं ते खोटं आणि आपल्याला कापड कापता कापता जे समजलं ते खरं, असं कसं होईल? तिने फोन काढला आणि कारखान्याच्या कारकुनांना लावला. रविवारी त्रास देते, माफ करा, असं म्हणून तिने सांगितलं की एक पत्र आहे, वाचते, अर्थ तेवढा सांगा. नाव आणि वर्ष गाळून तिने सगळं वाचलं. तिकडे ते मन लावून ऐकत होते.

“कुणाला लागली नोकरी?” त्यांनी विचारलं. “नात्यातली आहे का कुणी? अभिनंदन सांगा माझं. चांगलं खातं आहे हे. फक्त तारखेकडे लक्ष द्यायला सांगा बरं का, चौदाच्या आत गेलंच पाहिजे.”

बेबी ‘सांगते’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर ती किती वेळ बसून होती ते तिला सांगता आलं नसतं. कुणीतरी दार उघडं बघून आत डोकावलं, भंगार द्यायचंय का विचारून गेलं, तरी ती उठली नाही. रडू येत नव्हतं. जिन्यावरून उतरताना एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं तिला पुन्हा पुन्हा होत होतं. पत्रावरची तारीख तिने पाहिली, पाकिटावरचा शिक्का पाहिला. तेव्हा हातात नऊ दिवस होते.

घरी आली तेव्हा नवरा जेवायचा थांबला होता. तिने त्याला स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला की तू तिकडे गेली असतीस तर मी तुला कुठे भेटलो असतो, जे होतं ते बऱ्यासाठीच होतं. एरवी ती हसली असती. त्या दिवशी ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली आणि त्याचंही हसू मावळलं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, काकांना आज काही विचारू नकोस, दमली आहेस.

पण तिला थांबणं शक्यच नव्हतं. काका बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले होते, मांडीवर इंग्रजी वर्तमानपत्र होतं. तिने त्यांच्या हातात पत्र दिलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. काकांनी चष्मा पुसला. कागद लांब धरला. ओळखला. त्यांचा चेहरा खरोखरच कळवळला.

“अ‍ॅक्च्युअली, हे मी मुद्दामच तुझ्या नजरेआड ठेवलं होतं,” ते म्हणाले. “फेलचं पत्र. कशाला उगाच उकरून काढतेस, बेबी?”

“काका, फेलिंग विच म्हणजे नाहीतर.”

“काय?”

“नाहीतर. चौदा तारखेच्या आत या, नाहीतर निवड रद्द होईल. निवड झाली होती, काका.”

काकांनी पत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आता ते काहीतरी म्हणतील, मॅटर असं आहे आणि तसं आहे म्हणून पटवून देतील, याची बेबी वाट बघत होती. खरं तर तिला तेच हवं होतं. त्यांनी तिला खोडून काढावं, तुला काय कळतं इंग्रजीतलं म्हणून दटावावं, आणि पुन्हा सगळं होतं तिथे बसावं. पण काकांचे ओठ नुसतेच हलले.

“म्हणजे तू पास होतीस?” त्यांनी विचारलं.

“पास होते.”

त्यांनी चष्मा काढला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. पत्राची घडी त्यांना घालता येईना. मग खिडकीकडे बघत ते म्हणाले, “मला इंग्रजी येत नाही, बेबी. शब्द येतात. ओळी येत नाहीत.”

चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. बेबीला राग यायला हवा होता आणि तो कुठेतरी होताही, पण त्या क्षणी तिला फक्त धक्का बसला होता, आणि तोही पहिल्यापेक्षा निराळा. काकांनी तिचं वाईट चिंतून काही केलं असतं तर तिला त्यांच्याशी भांडता आलं असतं. इथे भांडायला काही नव्हतंच. समोर एक म्हातारा बसला होता आणि त्याला आत्ता, या मिनिटाला, आपण काय केलं ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने कापडाच्या साठ थरांच्या लादीत बाहीच्या मुंढ्याचा गोल रेघेपासून अर्धं बोट आत कापला. वीस वर्षांत पहिल्यांदा. साठही सदरे बाद झाले. मशीन बंद करून ती बाजूला उभी राहिली तेव्हा आजूबाजूच्या बायकांनी माना खाली घातल्या. मालकांनी येऊन कापलेल्या कापडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि घरी जा म्हणाले.

घरी काका निळी फाइल मांडीवर घेऊन बसले होते. आदल्या दिवसापासून त्यांनी धड काही खाल्लं नव्हतं. त्यांनी शेजाऱ्यांची पत्रं वेगळी काढून ठेवली होती, एकूण सात. लोक काकांकडून पत्र वाचून घेत आणि कधी कधी सांभाळायलाही त्यांच्याकडेच ठेवून जात. काकांना रात्रभर तेच खात होतं. या एका पत्राचं असं झालं, तर इतरांचं आपण काय करून ठेवलं असेल? इमारतीतल्या घड्याळवाल्यांना कुठल्याशा कंपनीचं पत्र आलं होतं आणि आपण त्यांना ‘एजन्सी मिळाली नाही’ असं सांगितल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. बेबीने ती सातही पत्रं वाचली. घड्याळवाल्यांच्या पत्रात चक्क एजन्सी मंजूर केल्याचं लिहिलं होतं. तिने ते काकांना सांगितलं. काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, मला त्यांच्याकडे घेऊन चल, माझ्या तोंडाने सांगायचंय.

पुढच्या रविवारी ती त्यांना रिक्षाने जुन्या इमारतीकडे घेऊन गेली. घड्याळवाल्यांचं दुकान तळमजल्यालाच होतं. ते काकांपेक्षाही चार वर्षांनी मोठे, पण नजर शाबूत, अजून भिंग डोळ्याला लावून काम करायचे. काकांना बघून त्यांनी स्टूल पुढे केलं. काकांनी मात्र उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. वाटेत रिक्षात ते ओठांतल्या ओठांत तेच घोकत होते. आपल्याला इंग्रजी कधीच येत नव्हतं, आपण तुमचं पत्र चुकीचं वाचलं, त्यात एजन्सी मंजूर झाली होती, आपल्यामुळे तुमचं नुकसान झालं. एवढं बोलून त्यांनी हात जोडले.

घड्याळवाल्यांनी भिंग काढलं. ते गोंधळल्यासारखे दिसले. त्यांनी आधी काकांना हाताला धरून बसवलं आणि मग चाचरत म्हणाले की अहो, एजन्सी तर मी घेतली होती. अकरा वर्षं चालवली. पाटीसुद्धा होती बाहेर, आठवत नाही का? काकांना पाटी आठवत होती, पण ती दुसऱ्या कंपनीची असेल असं त्यांना वाटलं होतं. मग तुम्हाला पत्र कुणी वाचून दाखवलं, असं बेबीने विचारलं. घड्याळवाले म्हणाले, मास्तरांनी. तिसऱ्या मजल्यावरच्या.

“मग ते काकांकडे कशाला आणलं?”

टेबलावरचा एक बारीक स्क्रू घड्याळवाल्यांनी बोटाने डबीत सरकवला.

“सगळेच तसं करायचे,” ते म्हणाले. “आधी मास्तरांकडे, मग यांच्याकडे. हा माणूस कुणाच्या दुखण्याखुपण्याला धावून गेला नाही असं झालं नाही. माझी बायको आजारी होती तेव्हा हा आठ दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपला. त्याला एवढीच हौस होती. कशाला मोडायची?”

काका खाली बघत होते. कान लाल झाले होते. पुढचा प्रश्न विचारू नये, असं बेबीला आतून कुणीतरी सांगत होतं, आणि तो विचारल्याशिवाय तिला इथून निघताही येणार नव्हतं.

“माझ्या आईला माहीत होतं?”

“तुझ्या आईनेच तर सगळ्यांना बजावलं होतं,” घड्याळवाले म्हणाले. “भावजींना कुणी तोंडावर बोलू नका, त्यांना लागेल. स्वतःचे दवाखान्याचे कागदसुद्धा ती मास्तरांकडूनच वाचून आणायची. गुपचूप.”

“आणि मला कुणीच कसं सांगितलं नाही?”

घड्याळवाल्यांनी तिच्याकडे खरोखरच्या नवलाने पाहिलं.

“तू तर घरचीच. तुला माहीत असणार, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.”

बेबी दुकानाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. रस्त्यावर माणसं ये-जा करत होती, समोर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. म्हणजे एवढ्या वर्षांत काकांच्या इंग्रजीवर मनापासून विश्वास ठेवणारं माणूस सगळ्या इमारतीत एकच निघालं होतं. बाकीच्या सहाही पत्रांचं काय झालं असेल, ते आता विचारायची गरज उरली नव्हती. ज्याचं त्याने वेळेत मास्तरांकडून वाचून घेतलं होतं. सगळ्यांनी काकांचा मान राखला होता आणि त्या मानाची किंमत तिने एकटीने भरली होती, आपण ती भरतोय हे माहीत नसताना.

परतताना रिक्षा मिळेपर्यंत काका इमारतीच्या पायरीवर बसले. बेबी बाजूला उभी होती. काका स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “वहिनीने मला सांगायला हवं होतं.”

“तुम्हाला कशाला?” बेबी म्हणाली. “मला सांगायला हवं होतं, काका.”

रिक्षा आली तेव्हा काका भिंतीला धरून उठले.

आईने का सांगितलं नाही, हे बेबीने पुढे अनेक दिवस मनात घोळवलं. ट्रंकेची किल्ली काकांच्या खिशात असायची, हे खरं. पण काका अंघोळीला गेल्यावर सदरा खुंटीलाच असायचा. ज्यांच्या अन्नावर आपण जगतो त्यांना दुखवायला आई घाबरली असेल का? की तिलाही पत्रात ‘फेल’ आहे असंच वाटलं आणि तिने एकदा विचारून सोडून दिलं? की नकाशांचं कार्यालय दुसऱ्या शहरात होतं, आणि बेबी गेली असती तर मागे कोण उरलं असतं, हा हिशेब तिने केला असेल? या शेवटच्या विचाराशी बेबी दर वेळी थांबायची आणि परत फिरायची. विचारायला आई नव्हती, मास्तरही आई जाण्याच्या दोन वर्षं आधी गेले होते.

काकांना तिने घरातून घालवलं नाही. तसा विचारही तिच्या मनात आला नाही. त्यांचं पथ्यपाणी, औषधं, गुडघ्यांना तेल, सगळं वेळच्या वेळी होत होतं. फक्त पहिल्यासारखं बोलणं होईना. नवरा मधे पडून काहीबाही विषय काढायचा, तेवढ्यापुरतं दोघं हो-नाही करायची.

पंधरा दिवसांनी काकांनी इंग्रजी वर्तमानपत्र बंद करायला सांगितलं. आणि मग एका संध्याकाळी, ती कामावरून आल्यावर, त्यांनी तिला एक शब्द विचारला. ‘नॅचरली’ म्हणजे काय? आयुष्यभर वापरला होता, आता अर्थ माहीत करून घ्यायचा होता. तिने सांगितलं, साहजिकच. काकांनी मान हलवली, तो शब्द बरोबर वापरला होता. दुसऱ्या दिवशी ‘अंडर कन्सिडरेशन’ विचारलं. त्याचा अर्थ ते ‘मंजूर झालं’ असा समजत होते. विचार चालू आहे, मंजूर झालेलं नाही, असं कळल्यावर ते बराच वेळ काहीतरी आठवत बसले. मग रोजचंच होऊन गेलं. दिवसाला एक शब्द. बेबी अर्थ सांगायची, त्यापलीकडे एक अक्षर नाही. बरोबर निघालेल्या शब्दाला काकांचा चेहरा उजळायचा, चुकीच्याला पडायचा. तिला ते न बघता दिसायचं.

दोन महिन्यांनी, असेच एकदा, तिने चप्पल काढून पिशवी ठेवली आणि काकांनी हाक मारली. आज त्यांच्या हातात कागद होता. तिचं पत्र. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं आणि अक्षरं जुळवत, अडखळत तो मोठ्याने वाचला.

“प्रोव्हिजनली. प्रोव्हिजनली सिलेक्टेड असं आहे इथे. म्हणजे काय?”

बेबी जवळ आली. त्यांचं बोट जिथे होतं तिथे तिने पाहिलं.

“तात्पुरती. कागदपत्रं तपासेपर्यंत तात्पुरती निवड.”

काकांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलं. ते काय आहे ते बेबीला लगेच कळलं.

“म्हणजे पक्की नव्हती,” ते म्हणाले. “गेली असतीस तरी कदाचित नसतीच मिळाली. असं होऊ शकत होतं ना?”

एक ‘हो’ म्हणाली असती तर म्हाताऱ्याला त्या दिवशी झोप लागली असती. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाही.

“पक्कीच होती, काका,” ती म्हणाली. “माझे दाखले सगळे बरोबर होते.”

काकांनी हळूच मान डोलावली. पत्राची घडी घालून त्यांनी ते तिच्यापुढे धरलं. बेबीने ते घेतलं, आपल्या पिशवीत ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली.